उरलेले १ लाख २९ हजार : दिल्लीची गाडी आणि मिरजेचा एजंट

८ फेब्रुवारी २०२५ला गाडी दादाच्या दारात येऊन उभी राहिली. वहिनींनी बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, पुढे लिंबू-मिरची बांधली, आळीत पेढे वाटले. ती दादाच्या नावावर झाली मात्र ऑगस्टच्या शेवटी, गणपती बसायच्या दोन दिवस आधी. मधले साडेसहा महिने ती गाडी कायद्याच्या लेखी दिल्लीतल्या एका गृहस्थांची होती. या गृहस्थांनी तासगाव कधी पाहिलेलं नाही, आणि आपली गाडी नक्की कुणाच्या अंगणात आहे हे त्यांना मे महिन्यापर्यंत कुणी सांगितलंही नव्हतं.

दादा म्हणजे माझा आत्येभाऊ. तासगावच्या बाजूला द्राक्षबाग, बराचसा माल बेदाण्याला जातो. मी पुण्यात बँकांसाठी जुन्या गाड्यांचं मूल्यांकन करतो. गाडीवर कर्ज देण्याआधी ती खरंच तेवढ्याची आहे का, हे बघायला बँक आमच्यासारख्यांना पाठवते. तरी घरातलीच गाडी अशी अडकली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण यात कुणी कुणाला लुटलं नाही. लुटलं असतं तर पोलिसांत तक्रार करून मोकळे झालो असतो. एजंट माणूस म्हणून वाईट नव्हता, गाडी चोरीची नव्हती, कागद खोटे नव्हते, आणि तरीही काम साडेसहा महिने बसून राहिलं. ते का बसलं याचं उत्तर मला फार उशिरा, एका चहाच्या टेबलावर मिळालं. त्यात माझाही वाटा होता.

दिल्लीचीच गाडी का

दादाला इनोव्हा क्रिस्टा हवी होती, डिझेल. घरात सात माणसं, वर्षातून एकदा तिरुपती, महिन्यातून दोनदा सांगली-कोल्हापूर. २०१७-१८ सालची महाराष्ट्र पासिंगची बरी क्रिस्टा तेव्हा १४ लाखांच्या खाली मिळत नव्हती. तीच गाडी दिल्लीत ९-१० लाखांना.

हा फरक गाडीच्या दर्जाचा नाही, तारखेचा आहे. दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्रात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या रस्त्यावर आणू नयेत, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादानं २०१५मध्ये दिला आणि २९ ऑक्टोबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला. त्यामुळे तिथे तेव्हा डिझेल गाडी सात वर्षांची झाली की मालकाला घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागायची. आपल्याकडे मात्र त्याच गाडीच्या नोंदणीला १५ वर्षं असतात. दिल्लीत संपत आलेली गाडी सांगलीत अर्ध्या वयाची ठरते, आणि या दोन वयांमधल्या फटीवर महाराष्ट्रातल्या कित्येक एजंटांचे संसार चालतात.

क्रिस्टाची तर जन्मकथाच दिल्लीशी भांडणातून सुरू होते. मे २०१६मध्ये ती बाजारात आली तेव्हा २००० सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांच्या नोंदणीवर तिथे बंदी होती. डिसेंबर २०१५पासूनची ती बंदी ऑगस्ट २०१६मध्ये उठली. म्हणून दिल्ली पासिंगची डिझेल क्रिस्टा त्या ऑगस्टच्या आधीच्या नोंदणीची कुणी दाखवली, तर मी कागद दोनदा बघतो.

दादाची गाडी सप्टेंबर २०१७ची. दिल्लीत तिची अडीच वर्षं उरली होती, आपल्याकडे साडेसात.

सौदा

एजंट मिरजेचा. दादाच्या ओळखीतल्या दोघांना त्यानं गाड्या दिल्या होत्या आणि दोघंही खूश होते. त्यानं आकडा सांगितला तो असा: १२ लाख ५० हजार, सांगलीचं एमएच-१० पासिंग करून, टॅक्स-बिक्स सगळं त्यात. वर दलाली १५ हजार. संक्रांत झाल्या झाल्या दादानं ५१ हजार टोकन देऊन टाकलं आणि मग मला फोन केला.

मी विचारलं, ‘‘दादा, टोकनची पावती घेतलीस?’’

‘‘अरे, बाजारातला माणूस हाय. पावती काय मागायची?’’

दादाचं आयुष्य मार्केट यार्डात गेलंय. अडत त्याला नवी नाही. शेतकरी माल आणतो, अडत्या सौदा काढतो, खरेदीदार घेऊन जातो, अडत्या आपली टक्केवारी कापतो. ही अडत कुणी द्यायची यावरून २०१६च्या जुलैत केवढा गोंधळ झाला होता. फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असं सरकारनं ठरवलं, तर व्यापाऱ्यांनी बाजार बंद पाडले. दादा तेव्हा आवेशानं सांगायचा, ‘‘ज्याचं काम करतोस त्याच्याकडनं पैसं घे, एवढीच तर गोष्ट हाय.’’ पण गाडीच्या बाजारात आल्यावर हा प्रश्न त्यानं विचारलाच नाही. १५ हजार आपण देतोय, म्हणजे माणूस आपला, असं त्यानं धरून चाललं.

जुन्या गाडीच्या व्यवहारात दलाली हे एजंटाच्या कमाईचं छोटं टोक असतं. मोठं टोक असतं गाडीच्या किमतीत मिसळलेले वरचे पैसे. विकणाऱ्याला एक भाव, घेणाऱ्याला दुसरा, आणि दोघांची गाठ पडू द्यायची नाही. जनावरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतो, तिथे निदान दोन्ही हात एकाच रुमालाखाली असतात. इथे विकणारा एका रुमालाखाली दिल्लीत आणि घेणारा दुसऱ्या रुमालाखाली तासगावात. मधले रुमाल किती, ते मोजायची सोय नाही.

मीटर आणि माझा पराक्रम

गाडी आली त्याच शनिवारी मी पुण्याहून गेलो. मीटरवर ८२ हजार किलोमीटर. बाहेरून गाडी लख्ख. पण ब्रेकच्या पेडलवरचं रबर एका बाजूनं गुळगुळीत, स्टिअरिंगचं कातडं दहा-दोनच्या जागी चकाकलेलं, ड्रायव्हरच्या सीटचा दाराकडचा काठ दबून बसलेला. ८२ हजारांना एवढं होत नाही. टायरवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारही टायर २०२४चे निघाले. त्यात गैर काही नाही, फक्त ‘टायर कंपनीचेच आहेत’ हे एजंटाचं वाक्य गळून पडलं. काचांवरच्या तारखा पाहिल्या. एक सोडून सगळ्या २०१७च्या. डावीकडच्या मागच्या दाराची काच नंतरची होती, पण दाराचे बोल्ट उघडलेले नव्हते. म्हणजे काच फुटली असेल, ठोकर नव्हे.

सोमवारी ओळखीनं चेसिस नंबरावरून कंपनीच्या सर्व्हिसच्या नोंदी काढल्या. एप्रिल २०२३मध्येच गाडी १ लाख ३८ हजार चाललेली. मीटर मागे फिरवलेलं होतं.

इथे माझं मत सांगतो. दीड लाख चाललेल्या क्रिस्टाला घाबरण्यासारखं काही नाही, हे इंजिन त्याच्या दुप्पट सहज ओढतं. पण दीड लाख किलोमीटर चाललेल्या गाडीला ८२ हजार चाललेल्या गाडीचे पैसे मोजायला नकोत. मी एजंटाला नोंदीचा कागद दाखवला. तो चपापला. ‘‘साहेब, मी हात लावलेला नाही, गाडी अशीच वरून आली,’’ म्हणाला. ते खरं असावं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. घासाघीस झाली आणि त्यानं ७० हजार कमी केले. सौदा ठरला ११ लाख ८० हजारांना.

दादा खूश. वहिनींनी मला पुरणपोळी वाढली. मी स्वतःवरच खूश होऊन पुण्याला परतलो. दादानं टोकन धरून १० लाख ५१ हजार आणि दलालीचे १५ हजार देऊन टाकले होते. उरलेले १ लाख २९ हजार आरसी हातात आल्यावर द्यायचे ठरलं. ‘‘पैसे हातात ठेवले आहेत, काम करणारच,’’ असं मीच दादाला सांगितलं होतं.

पाडवा, अक्षय तृतीया आणि एनओसी

एजंट म्हणाला होता, पाडव्याला नवा नंबर. पाडवा होता ३० मार्चला. तो गेला. मग अक्षय तृतीया, ३० एप्रिल. तीही गेली. फोन केला की एकच उत्तर: ‘‘फाइल आरटीओत आहे.’’

फाइल आरटीओत नव्हतीच. मेच्या पहिल्या आठवड्यात मी एजंटाच्या ऑफिसात जाऊन प्लास्टिकचा फोल्डर स्वतः उघडला. फॉर्म २९ आणि ३०, म्हणजे गाडी विकल्याची सूचना आणि नाव बदलण्याचा अर्ज. दोन्हींवर दिल्लीच्या मालकाच्या सह्या, आणि घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी. सोबत फॉर्म २८, दिल्लीच्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र. आधीच्या कर्जाचा बोजा उतरलेला होता, तेवढं एक बरं. पण एनओसी काढलेली होती पुण्याच्या, एमएच-१२च्या नावानं.

दुसऱ्या राज्यात जायची एनओसी ‘महाराष्ट्रात कुठेही’ अशी मोघम मिळत नाही, ती ठरावीक आरटीओच्या नावानं निघते. गाडी दिल्लीच्या करोल बागेतल्या डीलरकडून पुण्याच्या एका एजंटाकडे आली. त्याचं गिऱ्हाईक पुण्यातलं होतं, म्हणून त्यानं एनओसी पुण्याची काढली. ते गिऱ्हाईक फिरलं, गाडी मिरजेला आली. गाडी सरकली, कागद पुण्यातच राहिला. आता सांगलीत नोंदणी करायची तर दिल्लीत जुनी एनओसी रद्द करून नवी काढायला हवी. त्यासाठी मूळ मालकाच्या मोबाइलवर येणारा ओटीपी हवा. आणि ओटीपी मागायला मालकाशी बोलायला हवं. साखळीत नेमकं तेच कुणी करत नव्हतं.

कोऱ्या सह्यांचे हे २९-३० म्हणजे या धंद्याचं चलन. गाडी कितीही हातांतून जावो, मधल्या कुणाचंच नाव आरसीवर चढत नाही. प्रत्येक वेळी नाव चढवायचं तर प्रत्येक वेळी फी, वेळ, आणि आरसीवर एक मालक जास्त. म्हणून कागदावर गाडी थेट पहिल्या मालकाकडून शेवटच्या गिऱ्हाइकाकडे जाते आणि मधली माणसं अदृश्य राहतात. हे बदलावं म्हणून केंद्र सरकारनं २२ डिसेंबर २०२२ला मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली, ती १ एप्रिल २०२३पासून लागू झाली. जुन्या गाड्यांच्या डीलरनं आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं, गाडी ताब्यात घेताना तशी ऑनलाइन सूचना द्यायची, आणि तिथून पुढे गाडी विकेपर्यंत मालक म्हणून तोच जबाबदार. चांगला नियम आहे. आमच्या साखळीतल्या तिघांपैकी एकाकडेही ते अधिकारपत्र नव्हतं.

दिल्लीचे गृहस्थ

आरसीवर नाव होतं, पण फोन नंबर मिळाला विम्याच्या पॉलिसीच्या प्रतीवर. मी फोन लावला. सुरुवातीला ते चिडलेच.

त्यांची बाजू ऐकल्यावर चिडणं रास्त वाटलं. जानेवारीत त्यांनी गाडी विकली, एका ओटीपीची मागणी आली, तो त्यांनी दिला. मग एप्रिलमध्ये त्यांच्या मोबाइलवर चलनाचे दोन मेसेज आले. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, वेगमर्यादा ओलांडली, प्रत्येकी २ हजार. करोल बागेत फोन केला तर ‘गाडी आगे निकल गई’ एवढंच उत्तर. दादा त्या महिन्यात मुलीच्या मुलाखतीसाठी मुंबईला गेला होता. चलन गाडीच्या नंबरावर, नंबर दिल्लीच्या माणसाचा. आम्हाला पत्ताच नाही.

त्यांना चलनाची काळजी नव्हती, अपघाताची होती. त्यांच्या वकिलानं त्यांना सांगितलं होतं ते बरोबर होतं. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात फेब्रुवारी २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय की आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. त्या खटल्यातली गाडीही अशीच एका हातातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या हातात गेलेली होती आणि नाव पहिल्याचंच राहिलं होतं. विकणाऱ्यानं दुसऱ्या राज्यात गाडी दिली तर ४५ दिवसांत तसं कळवायचं असतं, राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत. या गृहस्थांनी सह्या करून फॉर्म देऊन टाकले आणि कळवायचं काम झालं असं समजले. त्यांनाही एक एजंट भेटला होता आणि त्यांनीही तो आपला धरला होता.

आपल्या बाजूचं भय तेवढंच मोठं होतं, फक्त दादाला ते दिसत नव्हतं. पॉलिसी दिल्लीच्या मालकाच्या नावावर, जूनपर्यंत चालू. एजंटाचं वाक्य: ‘‘इन्शुरन्स चालू आहे, काळजी नको.’’ तिसऱ्या माणसाला इजा झाली तर ते संरक्षण गाडीबरोबर येतं, हे खरं. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा करायचा तर पॉलिसी आपल्या नावावर झालेली हवी. त्यासाठी खरेदीनंतर १४ दिवसांत विमा कंपनीकडे जायचं असतं, आणि आधीच्या मालकाची नो क्लेम बोनसची सूट आपल्याला मिळत नाही, ती त्याच्याबरोबर जाते. फेब्रुवारी ते जून दादा ज्या गाडीतून घरच्यांना फिरवत होता तिचा बंपर जरी चेपला असता, तरी खर्च खिशातून.

मी त्या गृहस्थांना दादाचं आधार, खरेदीचा करारनामा आणि ८ फेब्रुवारीची, वेळ घातलेली डिलिव्हरी नोट पाठवली. दादा स्वतः त्यांच्याशी हिंदीत बोलला. ती हिंदी इथे लिहिण्यासारखी नाही, पण माणूस खरा आहे एवढं त्यांना कळलं. दोन्ही चलनं दादानं त्याच संध्याकाळी भरली आणि दुसऱ्या दिवशी कुरिअरनं त्यांना दोन किलो हिरवा बेदाणा पाठवला. नव्या एनओसीसाठी ओटीपी द्यायला ते तयार झाले. बोलता बोलता मी विचारलं, गाडी कितीला दिलीत? ‘‘पौने नौ,’’ ते म्हणाले. ८ लाख ७५ हजार.

चहाच्या टेबलावरचा हिशेब

ओटीपीचा प्रश्न सुटला, तरी एजंट हालेना. दिल्लीत माणूस पाठवायचाय, तो आजारी आहे, पोर्टल बंद आहे. मग एका रविवारी मी आणि दादा त्याच्या घरीच गेलो. भांडायला नाही, विचारायला. मी म्हटलं, ‘‘तुम्हाला हे काम का परवडत नाही, तेवढं सांगा.’’

तो जरा गप्प बसला. मग डायरी काढली.

पुण्याच्या एजंटाला त्यानं गाडीचे १० लाख ४० हजार दिले होते. दादाकडून दलालीसकट हातात आले १० लाख ६६ हजार. म्हणजे त्या क्षणी त्याच्याकडे २६ हजार जास्त. आता पुढचं काम. महाराष्ट्राचा एकरकमी कर गाडीच्या मूळ किमतीवर, वयाप्रमाणे घटवून लागतो. तो निघत होता १ लाख ४२ हजार. दिल्लीची फेरी, नवी एनओसी, तपासणी, फी, सगळं मिळून आणखी १५ हजार. एकूण १ लाख ५७ हजार खर्च. आणि हे केल्यावर त्याला आमच्याकडून मिळणार १ लाख २९ हजार.

काम पूर्ण केलं की २८ हजार खिशातून जाणार आणि अख्ख्या सौद्यात २ हजारांचा तोटा. काम तसंच पडू दिलं तर २६ हजार नफा. त्यानं हे हिशेब मांडून ठरवलं असेल असं नाही. पण रोज सकाळी कुठल्या फाइलला हात लावायचा हे ठरवताना आमची फाइल का खाली राहायची, ते डायरीच्या त्या पानावर स्वच्छ दिसत होतं.

आणि तो हिशेब बिघडवला होता मी. ७० हजार कमी करून घेतले नसते तर त्याला दलाली धरून ६८ हजार सुटले असते आणि पाडव्याला नंबर लागलाही असता. माझं चुकलं ते किंमत कमी करण्यात नाही, मीटर फिरलेल्या गाडीची किंमत कमी व्हायलाच हवी होती. चुकलं ते हे, की किंमत कमी केल्यावर हातात किती ठेवायचं याचा हिशेब मी पुन्हा मांडला नाही. उरलेली रक्कम उरलेल्या कामापेक्षा मोठी असली तरच ती लगाम, नाहीतर ती नुसती थकबाकी. घासाघीस झाली तेव्हाच मीटरचे ७० हजार आधी दिलेल्या त्या १० लाख ५१ हजारांतून परत घ्यायला हवे होते. मी ते शेवटच्या हप्त्यातून वजा होऊ दिले. बँकेसाठी काम करताना ही चूक माझ्या हातून झाली नसती. घरच्या कामात माणूस पाहुणा होतो.

मधल्या दोघांनी, करोल बागेतल्या आणि पुण्यातल्या, मिळून १ लाख ६५ हजार घेतले होते. ८ लाख ७५ हजारांची गाडी १० लाख ४० हजारांची होईपर्यंत. आमच्या एजंटानं गाडी दिल्लीत पाहिलेलीही नव्हती. तासगावातून बघताना तो ‘दिल्लीहून गाडी आणणारा माणूस’ वाटायचा. खरं तर तो साखळीतला शेवटचा आणि सगळ्यात कमी नफ्याचा माणूस होता, आणि गिऱ्हाइकाच्या शिव्या मात्र त्याच्याच दारात.

तोडगा तिथेच निघाला. कर दादानं स्वतः, स्वतःच्या नावानं, सरकारी पोर्टलवर भरायचा. १ लाख २९ हजारांचा विषय संपला. एजंटानं दिल्ली आणि सांगली दोन्हीकडचं कागदाचं काम स्वतःच्या खर्चानं करायचं, आणि आरसी हातात आल्या दिवशी त्याला २० हजार. किमतीशी संबंध नाही, फक्त आरसीशी. यात त्याला सगळं वजा जाता ३१ हजार सुटत होते. तो लगेच हो म्हणाला. जूनच्या अखेरीस दिल्लीहून सांगलीच्या नावाची एनओसी आली. जुलैत कर भरला. गाडी तपासणीला नेली, चेसिस प्रिंट घेतले, चोरीची नोंद नसल्याची खातरी झाली. चार महिने न हललेलं काम अडीच महिन्यांत संपलं.

दुसरा रस्ता होता का

होता. त्याच जानेवारीत पुण्यात, ऑनलाइन गाड्या विकणाऱ्या एका कंपनीकडे एमएच-१२ची तशीच क्रिस्टा होती, १४ लाख १० हजारांना. घासाघीस नाही. नाव बदलून देण्याची जबाबदारी त्यांची, काही दिवसांत परत करायची मुभा, वर वॉरंटी. दादाला ती महाग वाटली. त्या किमतीत एक सरकारी वाटाही असतो. जुन्या गाड्यांच्या धंद्यात नोंदणीकृत विक्रेत्याच्या मार्जिनवर जीएसटी लागतो, आणि डिसेंबर २०२४मध्ये जैसलमेरच्या बैठकीत जीएसटी परिषदेनं तो सगळ्या गाड्यांसाठी १८ टक्के केला. १ लाख ६० हजार मार्जिन धरलं तर २८ हजार ८००. घरगुती मालकानं थेट विकली तर हा कर नाही. मी त्या कंपन्यांचा भक्त नाही, त्यांचे मूल्यांकन अहवाल बँकेच्या टेबलावर वाचताना मला कधीकधी हसू येतं. पण त्यांच्यात एक गोष्ट साफ असते: ते विक्रेते आहेत आणि विक्रेते म्हणूनच समोर येतात. आपला माणूस असल्याचा आव आणत नाहीत.

माझी भाची कॅलिफोर्नियात असते. तिनं नवी गाडी ब्रोकरमार्फत घेतली तेव्हाचा करार मला वाचायला पाठवला होता. तिथे हे काम करायला डीलरचा परवाना आणि त्यावर ब्रोकर म्हणून वेगळी मान्यता लागते. करार लेखी हवा, आणि गाडी विकणाऱ्या डीलरकडूनही मला पैसे मिळतात की नाही, हे त्यानं त्यात लिहून द्यावं लागतं. दादाला मी ते वाचून दाखवलं. तो म्हणाला, ‘‘म्हंजी अडतीचीच पावती की.’’

दादाला गाडी शेवटी पडली १२ लाख २८ हजारांना: १० लाख ५१ हजार, दलालीचे १५, कराचे १ लाख ४२, एजंटाचे २०. वहिनींनी कॅलेंडरच्या मागे बेरीज केली. सुरुवातीचे साडेबारा आणि दलाली धरून १२ लाख ६५ होते. ‘‘भावजी, म्हणजे तुम्ही मिळवलेल्या सत्तरातले ३७ उरले,’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्यातले चार तुमच्या दादांनी एक्स्प्रेसवेवर उडवले.’’ उरलेल्यातूनही नव्या पॉलिसीचा हप्ता गेला, बोनसच्या सुटीशिवाय.

गणपतीत एजंट दर्शनाला आला. मोदक खाल्ले, नव्या नंबरप्लेटचा फोटो काढला. ऑगस्टच्या मध्याला सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीतल्या जुन्या गाड्यांच्या मालकांवर तूर्त सक्तीची कारवाई नको असा आदेश दिला होता. आता दिल्लीच्या गाड्या स्वस्त मिळायच्या नाहीत, असं तो सांगत होता. मग त्याची नजर गोठ्याशेजारी उभ्या असलेल्या दादाच्या जुन्या बोलेरोकडे गेली.

‘‘दादा, ही काढायची असेल तर सांगा. कराडचं एक गिऱ्हाईक आहे.’’

‘‘दलाली कोण देणार?’’

‘‘दोघं देतात की, दादा. पद्धतच आहे.’’

बोलता बोलता त्यानं बॅगेतून २९-३०चे कोरे फॉर्म काढून टेबलावर ठेवले आणि सहीच्या जागी बोट टेकवलं. दादानं चष्मा लावला, पेन घेतलं, आणि सहीच्या बरंच वर, घेणाऱ्याच्या नावाच्या रिकाम्या ओळीवर पेन ठेवून विचारलं, ‘‘आधी हितं कुणाचं नाव घालायचं ते सांग.’’